साक्षीच्या वेळी गप्प बसणारे

चर्चच्या तरुण संघाच्या सभेत गाणी आणि शास्त्रवाचन आटोपले की साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ येते. सभा चालवणारा विचारतो, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" थोडा वेळ कोणी हलत नाही, मग एक जण उभा राहतो आणि सांगतो की परीक्षेचा फॉर्म भरायला पैसे नव्हते, घरी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मामांनी पैसे पाठवले. दुसरी सांगते की तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार कडक होते, तिने दाराबाहेर डोळे मिटून प्रभूचे नाव घेतले आणि आत गेल्यावर तिला नेमके तेच विचारले गेले जे तिने रात्री वाचले होते. सभा "आमेन" म्हणते. या साक्षींवर माझा अविश्वास नाही. मामांचे पैसे खरोखरच आले होते आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंदही खरा होता. मात्र याच सभेत पाच-सहा जण असे असतात की जे "आमेन" म्हणतात, पण स्वतः उभे राहत नाहीत, कारण त्यांचे पैसे आलेले नसतात आणि त्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी वाचलेला नसतो. गेली काही वर्षे बडोद्यात शिकत असताना मी कधी उभे राहणाऱ्यांत होते, तर कधी बसून राहणाऱ्यांत. हा लेख मी बसून राहणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आमचे घर मूळचे नगरकडचे. आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले आणि कुटुंब बडोद्याचेच झाले. घरातली संध्याकाळची प्रार्थना मराठीत होते, रविवारची उपासना फतेहगंज भागातल्या चर्चमध्ये गुजरातीत होते आणि विद्यापीठातले सारे शिक्षण इंग्रजीत चालते. २०११च्या जनगणनेनुसार गुजरातच्या लोकसंख्येत ख्रिस्ती माणसांचे प्रमाण ०.५२ टक्के होते, म्हणजे दोनशे माणसांमागे जेमतेम एक. वर्गात आपण एकट्याच ख्रिस्ती आहोत याची इतकी सवय होते की त्याचे काही वाटेनासे होते. मैत्रिणी प्रेमाने नाताळचा केक मागतात आणि नवरात्रात हक्काने गरब्याला ओढून नेतात. घरच्यांनी जा म्हणायचे की नको, हा आमच्याकडे दर वर्षी नव्याने होणारा विषय आहे, आणि मी जाते तेव्हा मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांच्या पर्सेस आणि चपला सांभाळते. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. पण मनातले खोलवरचे काही बोलायचे असेल, तर जिथे बोलता येईल अशा जागा आपोआपच कमी होतात. म्हणूनच विद्यार्थ्यांचा प्रार्थनागट ही माझ्यासारखीसाठी चैन नाही. तिथेही जर एकाच प्रकारचे बोलणे चालणार असेल, तर बाकीचे बोलणे जाणार कुठे?

आमचा गट आठवड्यातून एकदा, प्रॅक्टिकल संपल्यावर जमतो. त्यात दोघे-तिघे मलयाळी आहेत, मिझोरामची एक मुलगी आहे, आणंद-नडियादकडचे गुजराती ख्रिस्ती आहेत आणि तापी जिल्ह्यातून, म्हणजे व्यारा-सोनगडकडून आलेली गामीत आणि चौधरी या आदिवासी समाजांतली मुलेमुली आहेत. गाणी प्रामुख्याने हिंदीत म्हटली जातात, वाचन ज्याच्या मोबाइलवर जे बायबल असेल त्यातून होते आणि प्रार्थना ज्याची त्याच्या भाषेत. नंतर सगळे मिळून फतेहगंजला लारीवर सेव-उसळ खायला जातो. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि त्याच्या पोटातले बडोदा कॉलेज तर १८८१चे आहे, त्यामुळे आमच्यासारखे छोटे गट या आवारात किती आले आणि गेले असतील याचा विचार कधी कधी मनात येतो. भारतात विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ १९१२ साली उभी राहिली आणि फेब्रुवारीतला तिसरा रविवार जगभर विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळण्याची प्रथा तर त्याहूनही जुनी आहे. म्हणजे अभ्यास करणाऱ्या पोरांना प्रार्थनेचा आधार लागतो, हे आपल्या आधीच्या लोकांनी चांगले ओळखलेले होते.

चांगल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सांगायला माणसे मिळतात. डिसेंबरात कॅरल म्हणत घरोघर फिरताना पायांचे तुकडे पडतात आणि तरी घरी जावेसे वाटत नाही. सत्रपरीक्षा नाताळच्या तोंडावर आली, तर पेपरच्या आदल्या रात्री एका खोलीत तारा आणि कागदी दिवे, तर दुसऱ्या खोलीत नोट्स पसरलेल्या असतात. शिबिरात शेवटच्या रात्री सगळ्यांनी हात धरून केलेली प्रार्थना पुढचे दोन महिने पुरते. हे सगळे मला मिळाले आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

अवघड काळ सुरू झाला तो एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रबंधासाठी मला एक संयुग टप्प्याटप्प्याने तयार करायचे होते. आधीच्या पायऱ्या नीट पार पडल्या आणि चौथ्या पायरीवर काम अडले. नायट्रोजनखाली रिअ‍ॅक्शन लावायची, ऑइल बाथचे तापमान राखायचे, दर तासाला केशनलिकेने एक थेंब काढून सिलिकाच्या बोटभर पट्टीवर ठेवायचा, ती पट्टी हेक्झेन आणि इथाइल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणात उभी करायची आणि द्रावक वरच्या पेन्सिलरेषेपर्यंत चढले की वाळवून अतिनील दिव्याखाली धरायची. अंधाऱ्या पेटीत हिरवट उजेडावर मूळ पदार्थाचा काळा ठिपका होता तिथेच दिसायचा, आणि तयार झालेल्या पदार्थाचा नवा ठिपका जिथे यायला हवा तिथे काहीच नसायचे. कधी तापमान वाढवले की तळापासून वर एक लांबलचक ओघळ उमटायचा आणि फ्लास्कमध्ये डिंकासारखा चिकट, काळपट गोळा उरायचा. तो अ‍ॅसिटोनने खरवडून फ्लास्क पुन्हा धुवायचा आणि ओव्हनमध्ये वाळायला ठेवायचा.

प्रत्येक वेळी रिअ‍ॅक्शन लावताना मी प्रार्थना करीत असे. सुरुवातीला ती प्रार्थना लांब होती, पुढे एका वाक्याची झाली आणि नंतर नंतर तेही वाक्य जिभेवर कोरडे पडू लागले. सकाळी बायबल उघडून बसावे आणि त्याच ओळीवरून डोळे पुन्हा पुन्हा फिरावेत, अर्थ आत शिरू नये, असे दिवसामागून दिवस गेले. माझा विश्वास उडाला होता असे नाही. देव आहे याबद्दल मला शंका नव्हती. त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ काही शिल्लक नव्हते, एवढेच मला नेमके सांगता येईल.

गटातल्या एका मोठ्या मुलाला मी हे सांगितले. तो मनाने चांगला आहे आणि त्याने ते गंभीरपणे ऐकूनही घेतले. मग तो म्हणाला, "कुठंतरी विश्वासात कमी पडत असशील. पूर्ण मनानं मागितलं की तो देतोच." हे वाक्य मी यापूर्वी कितीतरी वेळा ऐकले होते आणि कदाचित दुसऱ्यांना ऐकवलेही असेल. आपल्यावर वेळ येते तेव्हा मात्र ते कसे लागते ते कळते. जे घडत नाही त्याचे दुःख असतेच, त्यावर ते घडत नाही हा आपलाच दोष आहे अशी भर पडते, आणि तीसुद्धा देवाच्या नावाने.

माझे एक वेळ ठीक होते, कारण माझी केवळ एक पायरी अडली होती. सोनगडकडची माझी एक मैत्रीण बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिचे दोन विषय राहिले. तिच्या घरातून विद्यापीठापर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. गावच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, ती बडोद्याला निघाली तेव्हा तिच्यासाठी खास प्रार्थनासभा घेतली होती आणि प्रत्येक सुट्टीत ती गावी गेली की तिला पुढे बोलावून साक्ष द्यायला लावत. निकालानंतर ती गटात येईनाशी झाली. मी वसतिगृहात जाऊन भेटले तेव्हा पलंगावर पुस्तके आवरून ठेवलेली होती आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने आधी इकडचे तिकडचे काढले. मग म्हणाली, "नापास झालेय, ते घरी सांगता येईल. पण चर्चमध्ये मला पुढं बोलावतील ना, तेव्हा मी काय साक्ष देऊ?" माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हते. गुण कमी पडल्याची लाज एकीकडे आणि देवाच्या घरात तोंड दाखवायची लाज दुसरीकडे, आणि तिला दुसरीच अधिक जाळत होती. आमच्या सभांनी त्या मुलीला हे शिकवले होते, ठरवून नाही, नुसते कायम एकाच प्रकारच्या गोष्टी ऐकवून.

त्याआधीचाही एक प्रसंग मला तेव्हा नव्याने आठवला. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात बडोद्यात पूर आला. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट आहे आणि त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. वस्त्यांच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, वीज नव्हती, रस्त्यांवर मगरी दिसल्या. १ सप्टेंबरच्या रविवारी चर्चमध्ये आभारप्रार्थना झाली तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उभे राहून सांगितले की आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत पाणी आले आणि प्रभूने ते तिथेच थांबवले. त्यांच्या मागच्या दुसऱ्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. त्यांचे घर तळमजल्यावर आहे. घरातले शिवणयंत्र, फ्रीज, मुलीची दहावीची पुस्तके, सगळे चिखलात गेले होते, आणि आठवडाभर खराटा धरून त्यांच्या तळहातांची सालटी निघालेली मी पाहिली होती. त्या गृहस्थांनी आभार मानू नयेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या फाटकाशी पाणी थांबले ही जर देवाची कृपा, तर दोन गल्ल्या पलीकडे ते थांबले नाही त्याचे या बाईंनी काय समजायचे? त्या दिवशी त्यांच्यासाठी गहू, तांदूळ आणि चादरी गोळा झाल्या, तरुणांनी घर धुऊन दिले. मदतीत मंडळी कुठेही कमी पडली नाही. बाईंच्या मनातले बोलायला तेवढी उपासनेत जागा निघाली नाही.

मला वाट सापडली ती आजीपाशी. आजीचे गीतांचे पुस्तक कव्हर निखळलेले, दोऱ्याने बांधलेले आहे आणि ती रोज संध्याकाळी त्यातले एखादे पद म्हणते. त्यातली बरीच पदे रेव्हरंड टिळकांची आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग आणि ओवीचे रूप दिले आणि मराठी ख्रिस्ती घरांत आजही ते टिकून आहे. एका संध्याकाळी मी आजीला म्हणाले की माझ्याकडून प्रार्थना होत नाही, शब्दच येत नाहीत. तिने काही उपदेश केला नाही. "नाही येत तर नको आणूस, बाई. दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं म्हण. आणि देवाला खोटं सांगायचं नाही. बरं नाही तर बरं नाही म्हणायचं." एवढे बोलून तिने बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून दिली आणि बेचाळीसावे स्तोत्र मोठ्याने वाच म्हणाली, कारण तिला आता बारीक अक्षर दिसत नाही.

हे स्तोत्र मला पाठ होते, निदान त्याची सुरुवात. हरिणी जशी पाण्यासाठी लुलपते, या ओळीची गाणी आम्ही शिबिरात टाळ्या वाजवून म्हणतो. पुढचे मी कधी लक्ष देऊन वाचलेच नव्हते. बोलणारा माणूस सांगतो की अश्रूच त्याचे रात्रंदिवस अन्न झाले आहेत आणि लोक त्याला विचारत आहेत की तुझा देव कोठे आहे. त्याला आठवते की तो पूर्वी सण पाळणाऱ्या समुदायाबरोबर जयघोष करीत जात असे. म्हणजे त्यानेही ते हात धरून प्रार्थना करण्याचे दिवस पाहिले होते. मग तो स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास, आणि देवाची आशा धर असे त्याला समजावतो. मला वाटले होते की आता शेवट आला. पण पुढल्याच वाक्यात तो पुन्हा खचलेला आहे. तोच प्रश्न, तीच समजूत या स्तोत्रात दोनदा येते आणि त्रेचाळीसाव्या स्तोत्रात तिसऱ्यांदा येते. एकदा समजूत घातली आणि माणूस कायमचा सावरला, असे तिथे होत नाही. आजीच्या शेजारी बसून हे वाचताना कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मला वाटले की आपण जिथे आहोत तिथे आपल्या आधी कोणीतरी राहून गेले आहे.

त्यानंतर मी स्तोत्रे या दृष्टीने वाचत गेले. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत, असे अभ्यासक मानतात. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर" असे चार वेळा विचारले आहे. बऱ्याच विलापगीतांच्या शेवटी आशेची ओळ येते, पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तीही येत नाही, ते अंधारातच संपते, आणि ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते तसेच राहू दिले, खाली एखादी समाधानाची ओळ जोडली नाही. सर्वांत जास्त मला चव्वेचाळीसावे स्तोत्र उपयोगी पडले, कारण त्यात पराभूत झालेली मंडळी देवाला स्पष्ट सांगते की हे सगळे आमच्यावर आले तरी आम्ही तुला विसरलो नव्हतो, आणि मग त्याला जागा हो म्हणते. आमच्यावर संकट आले म्हणजे आमचा विश्वास कमी पडला, हा हिशेब या लोकांना मान्य नाही आणि शास्त्राने त्यांना गप्प बसवलेले नाही. ज्याच्यावर संकटांमागून संकटे आली त्या बायबलमधल्या ईयोबाचे मित्रही त्याला हेच ऐकवत होते की चूक तुझीच असणार, आणि त्या ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर होतो. शेवटी प्रभू येशूकडे पाहावे, तर वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलेले शब्द, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. त्या घडीला त्यानेही आधी कोणीतरी रचून ठेवलेली प्रार्थना उचलली. शुभ शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेत हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकतो, त्यावर प्रवचन होते, आणि रविवार उलटला की तरुणांच्या सभेत पुन्हा परीक्षकांनी तेच विचारल्याची साक्ष सुरू होते.

मी हे गटात मांडले तेव्हा सगळ्यांना ते पटले नाही. ज्या मुलाने मला विश्वासाबद्दल सांगितले होते, तोच म्हणाला, "साक्ष देवाच्या गौरवासाठी असते. रडगाणं ऐकायला कोण येईल? नवीन मुलं घाबरून जातील." त्याची काळजी खोटी नाही. दर आठवड्याला प्रत्येकाने आपापले दुःख उगाळत बसावे, असे मलाही नको आहे. म्हणूनच मी आणखी साक्षी मागितल्या नाहीत. मी एवढेच सुचवले की साक्षीच्या आधी दर वेळी एक स्तोत्र ओळीने, जसेच्या तसे, सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचे, आवडते तेवढेच निवडायचे नाही. ज्याला बोलायचे नाही त्याला बोलावे लागणार नाही, आणि तरी त्याच्या मनातले सभेत बोलले जाईल. नवीन मुलांविषयी माझे मत त्याच्या उलट आहे. परगावाहून आलेल्या, पहिल्या सत्रातच घाबरून गेलेल्या पोराला आपल्याखेरीज सगळ्यांचे सगळे छान चालले आहे असे वाटणे, हेच मला जास्त धोक्याचे वाटते.

आता हे वाचन सुरू आहे. सोनगडची मैत्रीण अधूनमधून येते. तिचा एक विषय सुटला आहे आणि दुसरा राहिला आहे. सहाव्या स्तोत्रात रोज रात्री आसवांनी अंथरूण भिजते असे म्हटले आहे, ते वचन वाचण्याची पाळी तिची आली, तेव्हा तिने ते गुजरातीत वाचले आणि मग न सांगता आपल्या गामीत बोलीत पुन्हा सांगितले. त्यानंतर मिझोरामच्या मुलीने त्यांच्याकडचे एक गाणे म्हटले, जे आम्हाला कोणालाच कळले नाही आणि सगळ्यांनी ऐकून घेतले. माझे संयुग शेवटपर्यंत मिळाले नाही. मार्गदर्शकांनी वाट बदलायला सांगितली आणि प्रबंधात त्या चौथ्या पायरीचा तक्ता तसाच ठेवला आहे. त्यात द्रावक, तापमान, वेळ आणि शेवटच्या रकान्यात ओळीने "रिअ‍ॅक्शन नाही" असे लिहिले आहे. तोंडी परीक्षेत त्या तक्त्यावर प्रश्न विचारले गेले आणि मी उत्तरे दिली. प्रयोगशाळेत जे घडले नाही तेही नीट लिहून सादर करायला शिकवतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मंडळीतही अशी सोय असायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

प्रार्थनेचे म्हणाल, तर ती काही दिवस होते आणि काही दिवस होत नाही. होत नाही त्या दिवशी मी आजीच्या पुस्तकातले एक पद म्हणते किंवा एक स्तोत्र वाचते आणि कामाला लागते. तरुण संघाच्या समितीला मी लेखी अर्ज दिला आहे की विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेच्या रविवारी, निकालात यश मिळालेल्यांचा सत्कार होतो त्याच उपासनेत, एक विलापस्तोत्र सगळ्या मंडळीने उभे राहून वाचावे आणि ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांच्यासाठी, नावे न घेता, प्रार्थना व्हावी. पाळकसाहेबांनी अर्ज वाचला आहे आणि चव्वेचाळीसावे स्तोत्र लांब आहे, तेरावे घेऊ या का, असे त्यांनी मला विचारले आहे. मी तेराव्याला होकार दिला आहे. समितीची बैठक अजून व्हायची आहे.